मूल कसं शिकतं, हे चाचणीला कितपत कळतं?

52 वजा 27 हे गणित तिसरी-चौथीच्या वर्गाला घातलं की काही वह्यांमध्ये हमखास 35 हे उत्तर सापडतं. तपासणारा फुली मारतो, शून्य देतो आणि पुढची वही ओढतो. पण हे 35 दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊ शकतं. एका मुलाने एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन वजा केले, कारण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या मनात पक्कं बसलं आहे. दुसऱ्याने दशक सुटा केला, बारातून सात वजा करून पाच बरोबर मिळवले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचं त्याच्याकडून राहून गेलं. पहिल्याला स्थानिक किंमतच कळलेली नाही. त्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे द्यावे लागतील आणि गठ्ठा सोडून दाखवावा लागेल. दुसऱ्याला रीत कळली आहे, एक पायरी तेवढी निसटते, आणि ती चार-पाच गणितांच्या सरावाने जागेवर येईल. दोघांना एकच उत्तर, एकच शून्य आणि पुढे बहुधा एकच उपाय मिळतो: पाढे पाठ कर आणि दहा गणितं जास्त सोडव. तेच गणित 53 वजा 27 असं घातलं असतं तर पहिल्याचं उत्तर 34 आलं असतं आणि दुसऱ्याचं 36, आणि दोघांमधला फरक तिथल्या तिथे कागदावर उमटला असता.

शैक्षणिक मूल्यमापनावर शंभराहून अधिक वर्षं चाललेल्या चर्चेतला कळीचा प्रश्न या एका वजाबाकीत दिसतो. मुलाला किती येतं हे सांगणारी चाचणी तयार करणं तुलनेने सोपं आहे. ते कसं शिकतं, कुठे आणि का अडतं हे सांगणारी चाचणी अवघड आहे, आणि तिच्याकडून मिळालेली माहिती वर्गात वापरणं त्याहून अवघड. या आढाव्यात आधी या चर्चेची पार्श्वभूमी, मग तिच्यातल्या प्रमुख भूमिका आणि शेवटी अजून न सुटलेले प्रश्न मांडले आहेत. त्यातून जाताना एक गोष्ट वारंवार समोर येते. मुलाला समजून घेणं आणि यंत्रणेला जाब विचारणं ही दोन कामं एकाच चाचणीवर टाकली की पहिलं काम मागे पडतं, असं बहुतेक पुरावा सुचवतो.

तपासणीपासून निदानापर्यंत

ही दोन कामं एकमेकांत मिसळण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकापासून निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत होती. सरकारी तपासनीस शाळेत येई, मुलांची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या हिशेबाने शाळेला पैसे मिळत. परीक्षा मुलाची होती, पण तिचा निकाल शाळेच्या तिजोरीसाठी होता. हा तपासनीस, म्हणजे डेप्युटीसाहेब, येणार म्हटल्यावर उत्तरं घोकून घेण्याची रीत या व्यवस्थेला धरूनच होती, कारण मुलाला काय कळलं नाही हे उघडं पडण्यात कुणाचाच लाभ नव्हता.

निदानाची परंपरा दुसरीकडून आली. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने आणि थिओदोर सिमों यांनी 1905 मध्ये आपली श्रेणी प्रसिद्ध केली, ती नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मजात ठरलेली असते आणि ती बदलत नाही हा समज बिने यांना मान्य नव्हता. मात्र 1916 मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्यांच्या श्रेणीची स्टॅनफर्ड-बिने आवृत्ती काढली आणि बुद्ध्यंक हा माणसावर बसणारा कायमचा शिक्का होऊ लागला. मदतीसाठी जन्मलेलं साधन निवडीसाठी वापरलं गेलं. मराठी मुलांपर्यंत ही परंपरा लवकर पोचली. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने श्रेणीचं रूपांतर केलं. बिने-कामत चाचणी म्हणून ती पुढे अनेक दशकं दवाखान्यांमध्ये वापरात राहिली. नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी 1969 मध्ये वेक्सलर श्रेणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी बेतली. आजही अनेक बालमार्गदर्शन केंद्रांत तिचा आधार घेतला जातो.

याच बिने-परंपरेतून एक वेगळी वाटही फुटली आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. 1920 च्या आसपास ज्याँ पियाजे हे तरुण संशोधक पॅरिसला सिमों यांच्याकडे बुद्धिमापनाच्या प्रश्नांचं प्रमाणीकरण करत होते. बरोबर उत्तरं मोजण्याचं हे काम होतं, पण त्यांचं लक्ष चुकीच्या उत्तरांकडे वळलं. एका वयाची मुलं एकाच प्रकारे चुकतात हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे त्यांनी मुलांशी सविस्तर बोलून त्यांचा विचार उलगडण्याची पद्धत घडवली. सोव्हिएत रशियात लेव विगोत्स्की यांनी आणखी एक पाऊल टाकलं: मूल एकट्याने काय करतं एवढंच पाहू नका, थोड्या मदतीने काय करू शकतं तेही पाहा. सारखे गुण मिळवणारी दोन मुलं मदत मिळाल्यावर वेगवेगळी पुढे जातात, तेव्हा त्यांच्या शिकण्याची खरी ओळख त्या फरकात असते. आधी तपासा, मग शिकवा, मग पुन्हा तपासा अशी गतिमान मूल्यमापनाची पद्धत यातून उभी राहिली. 1978 मध्ये अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या चुकांचं व्यवस्थित वर्गीकरण केलं. त्यातून दिसलं की पुष्कळ मुलं मन मानेल तशी चुकत नाहीत. ती एक चुकीचा नियम प्रामाणिकपणे पाळत असतात. वर दिलेलं 35 हे त्याच जातीचं उत्तर आहे.

पहिली भूमिका: शिक्षकाचं रोजचं पाहणं

मूल्यमापनाचं खरं ठिकाण वर्ग आहे आणि ते शिकण्याच्या ओघातच झालं पाहिजे, ही पहिली भूमिका. गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणात निरीक्षणाला मध्यवर्ती स्थान होतं, तेव्हा आपल्याकडे हा विचार नवा नाही. जागतिक चर्चेत मायकेल स्क्रिव्हन यांनी 1967 मध्ये शिकण्याच्या ओघात होणारं आकारिक आणि शेवटी होणारं संकलित अशी मूल्यमापनाची फारकत केली आणि 1998 मध्ये पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या ब्रिटिश अभ्यासकांनी सुमारे अडीचशे अभ्यासांचा धांडोळा घेऊन सांगितलं की आकारिक मूल्यमापनाचा शिकण्यावर मोठा परिणाम होतो, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ मिळतो. जगभरच्या धोरणांवर या निष्कर्षाची छाप पडली. 2011 मध्ये मात्र अमेरिकेतल्या अभ्यासकांनी त्याची फेरतपासणी केली, तेव्हा परिणाम खरा पण आधी म्हटलं होतं त्याहून बराच लहान निघाला. आकारिक या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या गेल्या होत्या, ही रँडी बेनेट यांची टीका आजही लागू पडते.

महाराष्ट्रात या भूमिकेला कायद्याचं बळ मिळालं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केलं आणि 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने त्याला राज्यात आकार दिला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी आकारिक साधनं ठरली. पहिली-दुसरीला आकारिकाचा भार 70 टक्के आणि संकलिताचा 30 टक्के. तो इयत्तेगणिक कमी होत सातवी-आठवीला 40 आणि 60 असा उलटा. मुलाची प्रगती वर्णनात्मक नोंदींनी मांडायची होती. कागदावर ही रचना विचारपूर्वक केलेली होती. वयाने लहान मुलांचं लेखी परीक्षेपेक्षा निरीक्षणातूनच अधिक कळतं, हे तिने मान्य केलं होतं.

प्रत्यक्षात नोंदी हेच काम होऊन बसलं. नोंदवही पूर्ण आहे का हे केंद्रप्रमुख पाहू शकतो. त्या नोंदीमुळे सोमवारचा तास बदलला का, हे पाहण्याची सोय त्याच्याकडे नसते. मग जे पाहिलं जातं ते केलं जातं. विषयवार तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मोबाइलवर फिरू लागल्या, आणि 'गणितात रस घेतो' किंवा 'आपले विचार आत्मविश्वासाने मांडतो' अशी वाक्यं गावोगावच्या प्रगतिपत्रकांत सारखीच उमटू लागली. यात शिक्षकांना दोष देणं अन्यायाचं ठरेल. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयात लेखी वर्णन करायचं, ही अपेक्षाच पेलण्यापलीकडची होती. हरयाणात 2011-12 च्या सुमारास शेकडो सरकारी शाळांमध्ये याच मूल्यमापनाचा शास्त्रशुद्ध प्रयोग झाला. जेम्स बेरी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार त्याने मुलांच्या भाषेत किंवा गणितात काहीच फरक पडला नाही. त्याच प्रयोगात प्राथमिकच्या मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गटांत बसवून रोज ठरलेला वेळ शिकवणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाने मात्र हिंदी वाचन सुधारलं.

पहिल्या भूमिकेच्या समर्थकांना हा निष्कर्ष अडचणीचा वाटू शकतो, पण तो त्या भूमिकेच्या मुळावर घाव घालत नाही. निरीक्षण व्यर्थ आहे असं तो म्हणत नाही. निरीक्षणाला जोडलेली पुढची कृती नसेल तर निरीक्षणाने एकट्याने काही घडत नाही, एवढं तो सांगतो. त्याच्याही आधी, 2010 मध्ये, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या प्रयोगातून हेच दाखवलं होतं. शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या निकालाचं सविस्तर निदान आणि ते वापरायच्या सूचना दिल्या, तरी मुलांच्या गुणांत वाढ झाली नाही. माहितीच्या अभावी शिक्षण अडलं आहे, ती पुरवली की शिक्षक आपोआप शिकवण्याची पद्धत बदलेल, हा धोरणकर्त्यांचा आवडता समज यामुळे ढिला पडतो.

दुसरी भूमिका: बाहेरची, सारखी, विश्वासार्ह मोजणी

दुसरी भूमिका म्हणते की शिक्षकाचं मत पुरेसं नाही, सर्वांना सारखी लागू होणारी बाहेरची चाचणी हवी. या मागणीमागे केवळ प्रशासनाची सोय आहे असं समजणं चूक होईल. रीमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेल्या एका प्रयोगात त्याच उत्तरपत्रिका शिक्षकांना वेगवेगळ्या जातींच्या मुलांच्या म्हणून तपासायला दिल्या, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना थोडे का होईना, कमी गुण मिळाले. शिक्षकाच्या नजरेवर सगळं सोपवणाऱ्यांनी या पुराव्याला उत्तर द्यायला हवं. वर्णनात्मक नोंद जितकी मोकळी, तितकी ती लिहिणाऱ्याच्या पूर्वग्रहांना उघडी असते. ज्या मुलाच्या पाठीशी घरात कुणी शिकलेलं नाही, त्याच्यासाठी बाहेरची निःपक्षपाती मोजणी हा एक आधारच आहे.

या भूमिकेतला सर्वांत प्रभावी प्रयत्न मुंबईत 1990 च्या दशकात सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून निघणाऱ्या 'असर' अहवालाचा. त्याचं साधन आजही एका कागदावर मावतं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, गणितात अंक ओळखण्यापासून वजाबाकी आणि भागाकारापर्यंत. मूल कोणत्याही इयत्तेत असो, त्याला घरी भेटून, एकट्याशी बोलून, तोंडी तपासलं जातं. पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत नाहीत, हे वास्तव त्यामुळे राष्ट्रीय चर्चेत आलं. ग्रामीण भारतात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 50.5 टक्के होतं, शाळा बंद राहिल्यानंतर 2022 मध्ये ते 42.8 टक्क्यांवर आलं आणि 2024 मध्ये पुन्हा 49 टक्क्यांच्या जवळ पोचलं. या साधनाचं खरं वेगळेपण असं की तेच वर्गातही वापरता येतं. मूल शब्दांच्या पातळीला आहे हे कळलं की त्याला शब्दांच्या गटात बसवून शिकवायचं, या साध्या तत्त्वावर आधारलेली पद्धत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या प्रयोगांमध्ये अनेकदा परिणामकारक ठरली. दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण पातळी कळली म्हणजे कारण कळलं असं होत नाही. शब्द वाचणारं मूल परिच्छेदापाशी अडतं ते मात्रा-वेलांट्यांमुळे, जोडाक्षरांमुळे, वेग कमी असल्याने की मजकुराची भाषा घरी कधी ऐकलेलीच नसल्याने, हे त्या कागदावरून समजत नाही. 'असर' मोठ्या पाहणीसाठीच घडवलेलं साधन आहे आणि त्याचे कर्ते तसा दावाही करत नाहीत. अडचण होते ती अशा साधनावर निदानाचा भार टाकला की.

सरकारी मोजणीच्या वाट्याला दुसरी अडचण येते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेत, लेखी आणि बहुपर्यायी असतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, 2017 च्या सर्वेक्षणातली राज्यांची सरासरी 'असर' आणि घरोघरच्या इतर पाहण्यांपेक्षा बरीच वर निघाली, आणि कोणतं राज्य पुढे, कोणतं मागे यावरही त्यांचं एकमत झालं नाही. अभिजीत सिंह यांनी मध्य प्रदेशात सरकारी चाचणी दिलेल्या मुलांची पुन्हा स्वतंत्र चाचणी घेतली, तेव्हा सरकारी गुण प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ फुगलेले आढळले. ज्या निकालावर जिल्ह्याची क्रमवारी ठरणार, तो निकाल फुगण्याकडे कल राहणारच. महाराष्ट्रात 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमापासून पायाभूत चाचणी आणि संकलित चाचण्या राज्यभर एकाच नमुन्यावर होऊ लागल्या; पुढे केंद्राच्या 'स्टार्स' प्रकल्पात नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे 'पॅट', वर्षातून तीनदा घेतली जाऊ लागली. पायाभूत चाचणीचा जाहीर हेतू मूल कुठून सुरुवात करतं हे शिक्षकाला कळावं असा आहे. तिचे गुण ठरलेल्या मुदतीत सरकारी पोर्टलवर भरायचे असतात, आणि शाळेचा वेळ बहुतांश त्यातच जातो. गुण वर जातात, निदान मात्र उत्तरपत्रिकेतच राहतं.

तिसरी भूमिका: वेगळ्या मुलाचं वेगळं निदान

तिसऱ्या भूमिकेचा भर आहे अभ्यास अक्षमतेच्या निदानावर. महाराष्ट्राने 1996 मध्ये अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. 2007 च्या 'तारे जमीन पर' चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचवला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अभ्यास अक्षमतेला दिव्यांगत्वात जागा दिली आणि 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राची पद्धत ठरवली. यामुळे 'आळशी' किंवा 'मठ्ठ' म्हणून रोज बोलणी खाणाऱ्या कितीतरी मुलांना न्याय मिळाला, हे या भूमिकेचं मोठं देणं आहे.

वाद आहे तो निदान कसं करायचं यावर. बुद्ध्यंक आणि प्रत्यक्ष संपादणूक यांतली तफावत हा पूर्वी मुख्य निकष होता. बुद्ध्यंक जास्त असो वा कमी, वाचनात अडणाऱ्या मुलांच्या अडचणी बऱ्याचशा सारख्याच असतात आणि त्यांना सारखीच मदत लागते, असं 1990 च्या दशकातल्या संशोधनाने दाखवल्यावर तो निकष डळमळला. अमेरिकेच्या 2004 च्या कायद्याने तो सक्तीचा ठेवला नाही आणि 2013 च्या डीएसएम-5 निदानपुस्तकाने तो काढूनच टाकला. त्याऐवजी आधी चांगलं शिकवा, प्रतिसाद मिळत नसेल तरच पुढचं निदान करा, असा प्रवाह रुजला. विगोत्स्कींच्या विचाराशी त्याचं नातं जवळचं आहे. आपल्याकडे मात्र बुद्धिमापन अजूनही प्रमाणपत्राच्या वाटेवरची पायरी आहे, आणि ज्या मुलाला मुळात नीट शिकवलंच गेलं नाही ते आणि ज्याला खरोखर अक्षमता आहे ते, यांना वेगळं करणं सर्वांत अवघड तिथेच आहे जिथे शाळा सर्वांत दुबळी आहे. चाचण्या करणारी केंद्रं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटल्याने दुर्गम तालुक्यातलं मूल या दारापर्यंत सहसा पोचतच नाही. 

साधनाच्या भाषेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. इंग्रजीवरून घेतलेली साधनं मराठी लिपीला तशीच लागू पडत नाहीत. इंग्रजीत अक्षरं सव्वीस. देवनागरीत व्यंजनं, त्यांच्या बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर शिकायची चिन्हं शेकडोंत जातात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासांत अक्षरज्ञान पक्कं व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागताना दिसला, आणि मराठीची लिपीही त्याच कुळातली आहे. तेव्हा दुसरीतलं मूल जोडाक्षरात अडलं तर ते अक्षमतेचं लक्षण की लिपी शिकण्याचा नेहमीचा टप्पा, याचं उत्तर इंग्रजीच्या वेळापत्रकावरून देता येणार नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेलं 'डाली' हे साधन हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसोबत मराठीतही असल्याने ही उणीव काही प्रमाणात भरून निघाली.

मुलाची भाषा, मुलाचं जग

तिन्ही भूमिकांना सारखाच छेद देणारा एक प्रश्न आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. चाचणी ज्या भाषेत बोलते ती मुलाची असते का? वऱ्हाडातलं मूल 'डोळा' हा शब्द पाहून 'डोया' म्हणतं तेव्हा त्याने तो शब्द अचूक वाचलेला असतो. अक्षर ओळखून, अर्थ लावून आपल्या बोलीत उच्चारलेला असतो. घड्याळ लावून मिनिटाला किती शब्द अचूक वाचले हे मोजणारा तपासनीस तिथे चूक मांडण्याची दाट शक्यता आहे. केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचण्याचं उद्दिष्ट आहे, आणि 2022 च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात मराठीसह 20 भाषांमध्ये मुलांची तोंडी पाहणी झाली. भाषावार मापदंड ठरणं ही पुढची पायरी खरीच, पण बोलीचं काय, हे त्यात सुटलेलं नाही. मेळघाटातलं कोरकू किंवा पालघरमधलं वारली बोलणारं मूल तर अक्षर आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकत असतं. पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिलीपासून तिसरीपर्यंत मुलांचा मागोवा घेणाऱ्या 'लिरिल' या अभ्यासात शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्गातला वेळ मुख्यतः अक्षरओळखीवर जातो. अर्थ लावणं आणि स्वतःचं काही लिहिणं फारसं शिकवलंच जात नाही. जे शिकवलं नाही त्याच्या अभावाला मुलाची उणीव म्हणता येणार नाही.

अंकांचंही तसंच. 'बत्तीस' ऐकून 23 लिहिणारं मूल अंक उलटे पाहतं असा निष्कर्ष घाईने काढला जातो. मराठी संख्यानामात आधी एकक ऐकू येतो आणि मग दशक, लिहिताना मात्र क्रम उलटा. मूल कानाला इमान राखतं. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोड वाचनपद्धत आणली तेव्हा झालेल्या वादात भाषेच्या सौंदर्याची बाजू जोरात मांडली गेली, ती समजण्यासारखी होती. पण त्यामागचं शैक्षणिक निदान त्या गदारोळात झाकलं गेलं. आकड्यांचं संदर्भाशी असलेलं नातं तर अधिकच चकित करणारं आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांना तपासलं: गिऱ्हाईक होऊन विचारलेले हिशेब त्यांनी 98 टक्के बरोबर केले, तीच गणितं कागदावर आकडेमोड म्हणून दिली तेव्हा 37 टक्के. मुलं मोजकीच होती, म्हणून त्यावर फार इमले बांधू नयेत. पण 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या कोलकाता-दिल्लीच्या बाजारांमधल्या मोठ्या अभ्यासातही बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांना तेच दिसलं, आणि उलट बाजूही दिसली: शाळेत शिकणारी मुलं बाजारातले हिशेब करताना अडखळली. एका साच्यातली चाचणी दोन्ही मुलांबद्दल अर्धंच सांगते.

न सुटलेलं

सर्वांत मोठा आक्षेप व्यवहाराचा आहे: प्रत्येक मुलाला 'हे कसं केलंस?' विचारायला वेळ कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर अधिक नोंदींत नाही, प्रश्न निवडण्यात आहे. 52 च्या जागी 53 घालायला जास्त वेळ लागत नाही. तो आकडा निवडण्यामागचं ज्ञान लागतं. चुका उघड करणारे थोडे प्रश्न जाणकारांनी इयत्तावार तयार करून दिले, तर शिक्षकाला वर्गातल्या पाच-सात मुलांशीच बोलावं लागेल, सगळ्यांशी नाही. दुसरा आक्षेप शिस्तीचा: परीक्षेचा धाक नसेल तर कुणी अभ्यास करणार नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी-आठवीत मूल मागे ठेवण्याची मुभा मिळाली, 2023 मध्ये महाराष्ट्राने या दोन्ही इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा परत आणली आणि डिसेंबर 2024 मध्ये केंद्रानेही आपल्या शाळांचे नियम बदलले. सरसकट वरच्या वर्गात ढकलल्याने मागे पडलेलं मूल नजरेआड होतं, ही त्यामागची चिंता रास्त आहे. पण नापास होण्याची भीती ज्या चाचणीला चिकटली, तिच्यात मूल आपलं न कळणं लपवायलाच शिकेल, आणि शिक्षकही. म्हणून पुढे जाण्याचा निर्णय देणारी परीक्षा आणि अडचण शोधणारी चाचणी एकच असू नये. 

काही प्रश्नांवर मात्र पुरावाच अपुरा आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक, ज्यात शिक्षकासोबत मूल स्वतः, सोबती आणि पालकही नोंद करतात, ते वर्णनात्मक नोंदींच्या वाटेने जाणार की वेगळ्या, हे अजून दिसायचं आहे. मोबाइलवरच्या जुळवून घेणाऱ्या चाचण्या चुकांचे साचे पटकन ओळखतात, पण 'डोया' ऐकणारं आणि समजून घेणारं यंत्र अजून वर्गात आलेलं नाही. शिक्षकाच्या पूर्वग्रहाचा धोका आणि बाहेरच्या मोजणीच्या फुगवट्याचा धोका, यांतला कोणता कुठे अधिक, याचा अभ्यास राज्यवार व्हायला हवा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 ने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. ते पाळायला लागणारा वेळ मात्र वेळापत्रकात कुठेच नाही. पुढच्या पायाभूत चाचणीची तारीख जाहीर करताना शिक्षण विभागाने तिच्यानंतरचा एक आठवडा फक्त उत्तरपत्रिका वाचण्यासाठी आणि मुलांशी बोलण्यासाठी राखून ठेवावा, आणि पोर्टलवर गुण भरण्याची मुदत त्या आठवड्यानंतरची द्यावी.